पान चार, ओळ पंधरा

मागच्या आठवड्यात मी एका साक्षीचा गोषवारा फोनवरच्या अ‍ॅपकडून करून घेतला. एकोणीस पानांची उलटतपासणी, आणि चहा निवायच्या आत तिचं एक पान होऊन समोर. मुद्दे सुटसुटीत, भाषा गुळगुळीत, कुठे खोडाखोड नाही. मी खूश होऊन वाचायला लागले आणि तिसऱ्या मुद्द्याशी मानेमागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. कापराचा वास आला. "हे कोण म्हणतं?" मी वळून पाहिलं नाही. लेलेकाकांना जाऊन तीन वर्षं झाली, वळून काही दिसणार नाही एवढं मला समजतं. पण अ‍ॅपचं पान मी पुसून टाकलं, पेन्सिलीला टोक केलं आणि पहिल्या पानापासून पुन्हा बसले. माझ्या हाताखालच्या ज्युनिअरला वाटलं, मॅडमना नवं काही जमत नाही.

बनारसला मी लग्न करून आले. नवरा रेल्वेत, माझ्याकडे अकोल्याची वकिलीची पदवी आणि सिनेमातलं हिंदी. ओळखीतून त्रिपाठी वकिलांच्या चौकीवर जागा मिळाली. इथल्या कचहरीत, म्हणजे कोर्टाच्या आवारात, टिनाच्या छपराखाली लाकडी चौक्या मांडलेल्या असतात आणि एकेका चौकीवर एकेका वकिलाचं सगळं बिऱ्हाड असतं: फायली, मुंशी, अशील, पाण्याची सुरई. पहिल्याच दिवशी त्रिपाठीजींनी माझ्यापुढे एका साक्षीदाराचं बयान, म्हणजे लिहून घेतलेली साक्ष, टाकलं. म्हणाले, "इसका खुलासा बना दीजिए."

आपल्याकडे खुलासा मागतात तो चुकलेल्या माणसाकडे. मी दोन दिवस खपून, साक्षीदार असं का बोलला असेल याचा साडेतीन पानी खुलासा लिहिला. त्याची मनःस्थितीसुद्धा समजावून सांगितली. त्रिपाठीजी चार ओळी वाचून थांबले आणि चौकीच्या टोकाकडे बघत म्हणाले, "लेले बाबू, ये आपकी मराठी बिटिया हैं, आप ही सँभालिए."

चौकीच्या टोकाला एक किडकिडीत गृहस्थ भिंतीला न टेकता बसले होते. पांढरा शर्ट, त्याला शिंप्याकडून मुद्दाम मोठा करून घेतलेला खिसा, खिशात तीन पेन्सिली, आणि चष्म्याच्या एका काडीला गुंडाळलेला दोरा. त्यांनी माझी साडेतीन पानं शेवटपर्यंत वाचली. त्यानंतर माझं लिहिणं कुणीच इतकं मन लावून वाचलेलं नाही. मग मराठीत म्हणाले, "अक्षर छान आहे. इथे कचहरीत खुलासा म्हणजे गोषवारा. तुझी गलती नाही. शब्द तोच आहे, फक्त घर बदललं." आणि पेन्सिल एका वाक्यावर टेकवली. मी लिहिलं होतं, साक्षीदार गोंधळून गेला व त्याने कबूल केले.

"गोंधळला, हे कोण म्हणतं?"

"वाचताना वाटतं तसं," मी म्हटलं.

"तुला वाटतं. तू साक्षीदार आहेस?"

"नाही."

"मग मधे तू कशाला बोलते?"

सदाशिव लेले हे त्यांचं नाव. कामाने ते त्रिपाठीजींचे मुंशी, पण मुंशीची बाकीची कामं, म्हणजे तारखा घेणं, नकला काढणं, कोर्टातल्या पेशकाराशी गोड बोलणं, दुसरा माणूस करायचा. लेलेकाका फक्त गोषवारे करायचे. साक्षीदार कोर्टात बोलतो ते तिथेच टाइप होतं. शेवटी त्याला वाचून दाखवतात, "सुनकर तस्दीक किया", म्हणजे ऐकून खरं असल्याचं सांगितलं, असं लिहितात आणि त्याची सही नाहीतर अंगठा घेतात. अशी वीस-पंचवीस पानं होतात. युक्तिवादाला उभ्या राहिलेल्या वकिलाला एवढी चाळायला सवड नसते. त्याच्या हातात एकच पान लागतं: कोण काय म्हणालं, कुठल्या पानावर, कुठल्या ओळीत. लेलेकाकांचं ते पान घेऊन त्रिपाठीजी उभे राहिले की समोरचे वकीलसुद्धा आपली फाईल उघडून बघायचे, आपल्याकडून काही सुटलं तर नाही ना.

नावावरून त्यांची चेष्टा रोज व्हायची. हिंदीत "ले ले" म्हणजे घे, घे. आणि हा माणूस कुणाचा पानाचा विडासुद्धा घेत नसे. चौकीवरून जाणारा-येणारा हात पुढे करून म्हणायचा, "ले ले बाबू, कुछ तो ले ले." काका मान वर न करता म्हणायचे, "बोल रहे हो कि लिखवा रहे हो?"

त्यांची पद्धत मी शिकले, ती त्यांनी कधी शिकवायला बसून नाही. बयान तीनदा वाचायचं. पहिल्यांदा हातात पेन्सिल घ्यायची नाही. दुसऱ्यांदा मोठ्याने वाचायचं, आणि तिसऱ्यांदा लिहायचं. तांबडी पेन्सिल तारखांना, निळी माणसांना. साधी पेन्सिल राखून ठेवलेली असायची ती साक्षीदार "पता नहीं" म्हणतो त्या जागांना. त्यांची ते वेगळी यादी करायचे. मी म्हटलं, ज्याचं उत्तरच नाही ते कशाला लिहायचं? म्हणाले, "अगं, ज्याला भिंतीची लांबी मालूम आहे आणि भिंत कोणी बांधली ते मालूम नाही, त्याला लांबी कोणीतरी पढवून पाठवलंय." "म्हणजे" हा शब्द गोषवाऱ्यात चालायचा नाही. "अर्थात" तर नाहीच. "कबूल केले" हा शब्द साक्षीदाराच्या तोंडी नसेल तर आपल्या कागदावर येता कामा नये. आणि सगळ्यात कडक नियम असा की जी ओळ घ्यायची तिच्या वरची एक आणि खालची एक वाचल्याशिवाय ती घ्यायची नाही. या नियमाची गोष्ट निघाली की त्यांचा आवाज बदलायचा. मला वाटायचं शिस्तीचा माणूस आहे, शिस्तीबद्दल बोलताना होतो कडक.

एकदा एका भिंतीच्या दाव्यात समोरच्या बाजूचा साक्षीदार उभा होता. दूधवाला, आडवा-तिडवा गडी, गालात पान. विचारलं, दीवार आपके सामने बनी? तो म्हणाला, "हूँ." टायपिस्टने लिहिलं, जी हाँ. काका मागच्या बाकावर होते. ते उठून त्रिपाठीजींच्या कानाशी काही बोलले. त्रिपाठीजींनी विनंती केली की साक्षीदाराला पान थुंकून पुन्हा उत्तर देऊ द्यावं. तो बाहेर जाऊन चूळ भरून आला आणि म्हणाला, "हम त कहत रहली कि सुनत हई, आगे बोलऽ." सगळं कोर्ट हसलं. काका हसले नाहीत. परत येताना ते मला म्हणाले, "बघ, 'ऐकतोय, पुढे बोल' एवढाच हुंकार होता. तेवढ्यात भिंत जात होती."

दुसऱ्या वेळचं ते मोठ्याने वाचणं मात्र मला कधी सवयीचं झालं नाही. काका साक्षीदाराच्या आवाजात वाचायचे. नक्कल नव्हे, नक्कल करणारा माणूस आपल्याकडे बघून घेतो. ते कुणाकडे बघत नसत. मान खाली, ओठ जेमतेम हलत, आणि त्यातून कधी नावाडी बोलायचा, कधी शाळामास्तर, कधी दम लागलेली म्हातारी. एक अशील बाई होती. तिची सासू साक्ष देऊन नंतर वारली होती. ती बाई एका दुपारी चौकीपाशी आली तेव्हा काका तिच्या सासूचं बयान वाचत होते. बाईने झटकन पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला आणि ती खांबाआड उभी राहिली. वाचून संपेपर्यंत पुढे आली नाही. मी ते पाहिलं आणि भरदुपारी माझ्या अंगावर काटा आला. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तुझे लेलेकाका रामलीलेत पाहिजे होते.

घरी त्यांची बायको, म्हणजे लेलेकाकू. मुलबाळ नाही. दुर्गाघाटावर दोन खोल्या, चढून जायला एकवीस पायऱ्या. काकू बनारसच्याच, त्यांच्या मराठीत निम्मं हिंदी. मला म्हणायच्या, "यांच्याशी झगडायची सोय नाही गं. मी काल काय बोलले ते ओळीसकट काढतात. वर विचारतात, पुढे काय म्हणाली होतीस तेही सांग." फायलींना कसर लागू नये म्हणून काका पिशवीत कापूर ठेवायचे. त्या पिशवीच्या तळाशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एका जुन्या बयानाची नक्कल कायम असायची. ती कुठल्या चालू दाव्यातली नव्हती. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "राहू दे, ती वाचलेली आहे."

एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. काका "खाली" हा शब्द वापरत नसत. मराठीतही नाही, हिंदीतही नाही. बनारसमध्ये रिक्षावाल्याला हात केला की सगळे विचारतात, "खाली हो?" काका रिक्षा थांबेपर्यंत उभे राहायचे आणि म्हणायचे, "चलोगे?" पेन्सिल चौकीखाली गेली की म्हणायचे, "जमिनीवर बघ." घाटाच्या खालच्या पायऱ्यांना ते "पाण्याकडच्या" म्हणायचे. मला गंमत वाटली. मी त्यांच्या तोंडून तो शब्द काढायचे डाव करायला लागले. एकदा सुरई हलवून विचारलं, "काका, बघा हो, भरलेली आहे की काय?" त्यांनी आत डोकावून पाहिलं. म्हणाले, "पाणी नाही त्यात." मी हसत सुटले. आठवलं की आजही लाज वाटते.

त्या थंडीत काका आजारी पडले, छातीत दुखलं. डॉक्टरांनी महिनाभर घरी बसवलं. मी एका दुपारी त्यांना भेटायला निघाले. एरवी ते मला ब्रह्माघाटाकडून लांबून घरी न्यायचे, आणि मी समजत होते की रस्ता तोच आहे. त्या दिवशी कोपऱ्यावरच्या फुलवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, उधर से काहे जाएँगी, ये रही गली, सीधे. खरंच चार मिनिटांचा रस्ता. त्या गल्लीत जुन्या घरांमध्ये एक नवं गेस्टहाउस उभं होतं, काचेचं दार, कुंड्या. दारावर एक लाल पाटी टांगलेली: कमरा खाली है.

मी वर जाऊन आपली नेहमीसारखी बडबडले. "काका, इतका सरळ रस्ता असताना मला एवढे दिवस फिरवून आणत होता? त्या नव्या गेस्टहाउसवरून तर पोचलेच लगेच." काका पलंगावर होते. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. काकूंनी मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं आणि ओट्याशी उभं राहून सांगितलं.

जिथे ते गेस्टहाउस आहे तिथे आधी एक जुनं तिमजली घर होतं. तळमजल्यावर एका खोलीत गोदूकाकू राहायच्या. विधवा, मागेपुढे कुणी नाही, रामनगरला एक पुतण्या तेवढा. टकळीवर सूत काढून जानवी करायच्या. अख्ख्या दुर्गाघाटातल्या भटजींच्या गळ्यात गोदूकाकूंचं सूत, लेलेकाकांच्याही. घर दुसऱ्याने विकत घेतलं आणि नव्या मालकाने दावा लावला की बाई आता इथे राहत नाहीत, पुतण्याकडे राहतात. खोली बंद पडून आहे, तेव्हा भाडेकरूचा हक्क संपला. गोदूकाकूंच्या बाजूने त्रिपाठीजी उभे राहिले, लेलेकाकांच्या शब्दावर.

गोदूकाकूंची उलटतपासणी झाली त्या दिवशी लेलेकाका दुसऱ्या कोर्टात होते. त्यांनी बयान वाचलं ते कागदावर. समोरच्या वकिलाने विचारलं होतं, तुम्ही रामनगरला असता ना? काकूंनी आपल्या हिंदीत सांगितलं होतं: घुटना दुखता था, दवा के लिए पंद्रह दिन गई थी. ऊपर मकान मालिक का लड़का रहता है. कमरा खाली है. टायपिस्टने अक्षरन्‌अक्षर तेच घेतलं. काकूंना वाचून दाखवलं, त्यांनी मान डोलवली, अंगठा दिला. वर मालकाचा मुलगा, माझी खोली खाली, हेच तर त्या म्हणत होत्या. सत्तर वर्षं बनारसमध्ये काढून जीभ घरातलीच राहिली होती.

हिंदीत खाली म्हणजे रिकामं. कोर्टाने तसं वाचलं, त्यात नवल नाही. पण लेलेकाका? तेव्हा घरात रोज "खाली जाऊन येतो" म्हणणारा माणूस. त्यांना आपल्या हिंदीचा अभिमान होता. शाळेत मराठीमिश्रित हिंदीवरून मुलांनी इतकं चिडवलेलं की कचहरीची पायरी चढताना ते घरची भाषा बाहेर ठेवून जात. त्या काळी त्यांचा वरच्या-खालच्या ओळीचा नियम नव्हता. वरची ओळ, मालकाच्या मुलाची, त्यांना कामाची वाटली नाही. ती गाळली. आणि चारचौघांत शोभेल अशा शुद्ध हिंदीत गोषवाऱ्यात लिहिलं: पृष्ठ चार, पंक्ति पंद्रह, साक्षिणी स्वीकार करती है कि कमरा रिक्त है.

त्रिपाठीजींनी ते पान हातात घेऊन युक्तिवाद केला. आपल्याच साक्षीदाराने खोली रिकामी असल्याचं मान्य केलंय म्हटल्यावर त्यांनी राहत्या घराचा मुद्दाच सोडला, नुसतं आजारपण सांगत बसले. गोदूकाकू दावा हरल्या. सामान हलवायच्या दिवशी लेलेकाका मदतीला गेले. गोदूकाकू उंबऱ्यावर बसून म्हणाल्या, "जन्मभर खाली राहिले रे सदू, आता त्या पुतण्याच्या गच्चीवर कशी राहू?" काका हातातलं गाठोडं तिथेच ठेवून घरी आले आणि नक्कल काढून ओळ चौदा वाचली.

"अपिलाला महिना होता," लेलेकाकू म्हणाल्या. "वकीलसाहेबांना सांगितलं यांनी, पण काय, तर बयानात एक शब्द जरा दोन अर्थांचा आहे. आपण काय लिहिलं ते नाही सांगितलं. ते म्हणाले, इतने से क्या होगा. पुतण्याला तर धावपळ नकोच होती. आणि गोदूकाकू सगळ्यांना सांगत सुटल्या, माझ्याच तोंडून काहीतरी वेडंवाकडं गेलं. हे रोज सकाळी म्हणायचे, आज जाऊन सांगतो की तुमचं नाही, माझं चुकलं. रोज कपडे घालून निघायचे. महिना संपला. आता आठ वर्षं झाली. अजून महिन्यातून एकदा निघतात, रामनगरच्या पुलापर्यंत जातात आणि परत येतात. कचहरीत नाव होतं ना मोठं, लेले बाबूंचा खुलासा."

मला काकांचा भयंकर राग आला. त्या चुकीचा नाही, चूक कुणाचीही होते. त्या गप्प बसलेल्या महिन्याचा आला. एक म्हातारी बाई स्वतःला दोष देत बसली आहे आणि हा माणूस मला "हे कोण म्हणतं" विचारतो. तो राग थोडासा आजही आहे, आणि त्यांची आठवण आली की मला रडूही येतं. दोन्ही एकदम येतात.

मी बाहेर आले तर ते उठून बसले होते.

"सांगितलं तिने?"

"हो."

"मग आता तुला मालूम आहे." थोडा वेळ ते चष्म्याच्या काडीचा दोरा सोडवत, बांधत बसले. "मला तिला ते वाचून दाखवायचं आहे. सगळं. आठ वर्षं एकटा जातो तर पुलावरून परत येतो. तू वकील आहेस, तस्दीक करायला सोबत कोणीतरी लागतं. येशील?"

माघ संपत आला तेव्हा डॉक्टरांनी त्यांना बाहेर पडायची परवानगी दिली. एका दुपारी आम्ही ऑटोने रामनगरला गेलो. पूल आला तेव्हा काकांनी पुढची दांडी दोन्ही हातांनी धरली आणि पूल संपेपर्यंत सोडली नाही. पुतण्याचं घर बाजारात, खाली भांड्यांचं दुकान. जिना इतका उभा आणि अंधारा की धरायला दोरखंड बांधलेला. तीन मजले चढून गच्चीवरच्या खोलीत पोचेपर्यंत काका चार वेळा थांबले, सातव्या महिन्यातली मी दोनदा.

गोदूकाकू खाटेवर बसून टकळी फिरवत होत्या. डोळ्यांनी बरंच कमी दिसत होतं, बोटांना सगळं दिसत होतं.

"कोण ते?"

"मी सदू, काकू. लेल्यांचा."

"सदू? किती वर्षांनी रे. जानवं हवंय?"

"नाही. तुमचं बयान वाचायला आलो."

त्यांनी पिशवीतून प्लास्टिक सोडवलं, कागद मांडीवर घेतला, मान खाली घातली आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. त्या खोलीत दोन गोदूकाकू झाल्या. एक खाटेवर बसून ऐकत होती, आणि दुसरी, आठ वर्षांनी लहान, गुडघ्याला हात लावून, समोरच्या काळ्या कोटाला न घाबरल्याचं दाखवत बोलत होती. खाटेवरच्या काकूंची टकळी थांबली. त्या आपल्याच आवाजाकडे कान करून हसल्या. पान चार आलं. ऊपर मकान मालिक का लड़का रहता है. कमरा खाली है. तो शब्द मी काकांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला, पण तो त्यांच्या आवाजात नव्हता.

"बरोबर," गोदूकाकू म्हणाल्या. "असंच म्हटलं होतं मी. तेच तर चुकलं ना?"

"तुमचं नाही चुकलं. तुम्ही तळमजला म्हणत होता."

"मग? वर त्याचा मुलगा आणि खाली मी. सगळ्या गल्लीला मालूम होतं."

"हिंदीत त्या शब्दाचा अर्थ वेगळा होतो, काकू."

"ते मला ठाऊक आहे रे, जन्म इथेच गेला. पण बोलताना कोण बघतं?"

"मी बघायला पाहिजे होतं," काका म्हणाले. आता आवाज त्यांचा होता आणि फार बारीक झाला होता. "वकिलाला मी लिहून दिलं. वरची ओळ गाळली, आणि तुमचा शब्द काढून माझा घातला. रिक्त."

"रिक्त म्हणजे?"

"रिकामी. तुम्ही कबूल करता की खोली रिकामी आहे."

"रिकामी कशी असेल?" गोदूकाकू म्हणाल्या. "मी होते ना तिथे."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. काकांनी पुढचंही सांगितलं. महिना हातात होता, मला तेव्हाच कळलं होतं, नाव जाईल म्हणून बोललो नाही. काही लपवलं नाही, काही सजवलं नाही. त्यांच्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला गोषवारा असेल. मग ते थांबले. मला वाटलं होतं, म्हातारी त्यांच्या डोक्यावर हात ठेवेल. माझ्या मनात तेवढं चित्र तयार होतं.

गोदूकाकूंनी टकळी फिरवायला घेतली, सूत तुटलं, त्यांनी ते जोडलं नाही. "सदू," त्या म्हणाल्या, "आठ वर्षं मी म्हणते आहे, माझ्या तोंडाने माझं घर घालवलं. देवापुढे बसून म्हणते. त्याची सवय झाली होती रे मला. आता हे घेऊन मी काय करू?"

काकांनी मांडीवरची नक्कल सरळ केली.  मनात मी कायद्याची कलमं चाळत होते, पण घरच पाडलं गेलं होतं आणि तिथे आता पाटी लटकत होती.

"परत वाच," त्या म्हणाल्या. "नुसत्या त्या दोन ओळी."

त्यांनी वाचल्या.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला. काकांनी नक्कल त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दिसत नसताना वरून खालपर्यंत बोटांनी चाचपली, शेवटी अंगठ्याचा ठसा असतो त्या कोपऱ्याशी थांबल्या आणि ती उशीखाली ठेवली. "जा आता," म्हणाल्या. "जिन्यात अंधार आहे."

त्यानंतर दोन महिन्यांनी काका गेले. मी आधीच बाळंतपणाला अकोल्याला गेले होते, त्यामुळे मी त्यांना नीट पाहिलं असं शेवटचं म्हणजे त्या जिन्यातच. मी आधी उतरले आणि रस्त्याच्या उजेडात उभी राहून वळले. काका एका हाताने दोरखंड धरून एकेक पायरी उतरत होते. पिशवी खांद्याला, तिच्यात आता कापूरच होता. शेवटच्या पायरीवर ते पोचले आणि वरून, तीन मजले वरून, गोदूकाकूंचा आवाज आला. उभा जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्याला कुणीही विचारेल तसं त्यांनी विचारलं.

"सदू, पोचलास का रे खाली?"

काका जागच्या जागी थांबले. अंधारात मला फक्त पांढरा शर्ट दिसत होता आणि चष्म्याची एक काच.  वरून पुन्हा हाक आली, या वेळी जरा काळजीची. मग त्यांनी मान वर केली आणि आपल्या स्वतःच्या आवाजात म्हणाले,

"हो काकू. मी आहे खाली."